इंटर्नना कायदा पाठ आहे, पण फॉर्म एफ भरता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पीएसएममध्ये (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्रात) पीजी करताय. इंटर्नच्या बॅचसाठी गर्भलिंगनिवड आणि ती रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यावर दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. आधी वाटलेल्या प्रश्नावलीत 'गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे का?' याला जवळपास सगळ्यांनी 'हो' लिहिलं. मग आता शिकवायला उरलं काय, आणि जाणीव आहे असं समजून पुढे जायचं का, असं तुम्ही विचारलंय.

समजू नका. तो प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. दवाखान्याच्या दारावरची पाटी वाचता येणाऱ्या कोणालाही त्याचं उत्तर देता येईल. इंटर्नचं काम पाटीच्या आत सुरू होतं. सोनोग्राफीच्या टेबलाशेजारी बसून फॉर्म भरणं, नातेवाइकांचे प्रश्न झेलणं, रात्री लेबर रूममध्ये मशीनजवळ एकटं असणं, गर्भपातासाठी आलेल्या बाईची पहिली हिस्टरी घेणं ही सगळी कामं त्याच्याच वाट्याला येतात. कायद्याची परीक्षा तिथे होते आणि तिथेच बहुतेक जण अडखळतात. म्हणून कलमांची स्लाइड दाखवण्यापेक्षा या चार-पाच प्रसंगांवर सत्र उभं करा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. सरकारी महाविद्यालयात इंटर्न शेकडो फॉर्म एफ (गर्भवतीच्या सोनोग्राफीची कायद्याने सक्तीची नोंद) भरतो. काही खासगी महाविद्यालयांत तो सोनोग्राफीच्या खोलीत फक्त उभा असतो. फॉर्म ऑनलाइन कोण भरतं, कधी भरतं हेही जागोजागी वेगळं. सत्राआधी एक फेरी स्वतःच्या रुग्णालयात मारा आणि इंटर्नच्या हातात नेमकं काय येतं ते बघा.

आधी आकड्यांबद्दल, कारण घोटाळा तिथून सुरू होतो. इंटर्नना 'लिंग गुणोत्तर' हा एकच शब्द माहीत असतो आणि तीन वेगळे आकडे ते त्यात कोंबतात. एकूण लोकसंख्येतलं गुणोत्तर, ० ते ६ वयोगटातलं गुणोत्तर आणि जन्मावेळचं गुणोत्तर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात १००० पुरुषांमागे १०२० स्त्रिया आल्या आणि प्रश्न सुटल्यासारखे मथळे छापून आले. त्याच पाहणीत आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचं गुणोत्तर १००० मुलग्यांमागे ९२९ मुली होतं. स्त्रिया जास्त जगतात, पुरुष कामासाठी घराबाहेर असतात, याचा पहिल्या आकड्यावर परिणाम होतो. गर्भलिंगनिवडीबद्दल बोलायचं तर जन्मावेळचा आकडा बघायचा. कोणाचा हात लागला नाही तर साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे आपल्या पद्धतीने १००० मुलग्यांमागे ९५२ मुली.

महाराष्ट्राचा आलेख आवर्जून दाखवा. प्रसवपूर्व निदानतंत्रावर देशात पहिला कायदा आपल्या राज्याने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा, अंमल १ जानेवारी १९९६पासून, आणि गर्भधारणेपूर्वीच्या तंत्रांना कक्षेत आणणारी दुरुस्ती २००३ची. याच काळात राज्यातलं ० ते ६ वयोगटाचं गुणोत्तर जनगणनेनुसार १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झालं. बीड जिल्हा २०११मध्ये ८०७ वर होता. कुटुंब आरोग्य पाहणीतही राज्यातलं जन्मावेळचं गुणोत्तर चौथ्या फेरीतल्या ९२४ वरून पाचव्या फेरीत ९१३ वर आलं, देशाचा आकडा सुधारत असताना.

एक गैरसमज मोडायलाच हवा: 'हे अडाणी लोकांचं काम आहे.' २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पहिली मुलगी असलेल्या घरांतल्या दुसऱ्या बाळंतपणाचं गुणोत्तर १९९०मध्ये ९०६ होतं, ते २००५मध्ये ८३६ झालं. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण नव्हती. आणि घसरण जास्त होती ती दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या आयांमध्ये आणि सधन घरांत. म्हणजे इंटर्नच्या स्वतःच्या नात्यागोत्यात. हा मुद्दा मांडल्यावर वर्गात थोडी शांतता होते. ती होऊ द्या.

आकड्यांचा दुसरा धडा उलट्या दिशेचा. इंटर्न पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) जातात, वर्षाचे २०० जन्म मोजतात, गुणोत्तर ७८० येतं आणि प्रोजेक्टमध्ये 'गंभीर परिस्थिती' असं लिहून मोकळे होतात. गणित करून दाखवा. २०० जन्मांत नैसर्गिकपणे सुमारे ९७ ते ९८ मुली अपेक्षित. केवळ योगायोगाने हा आकडा ८४ ते १११ यांच्या दरम्यान हलू शकतो. गुणोत्तरात मांडलं तर साधारण ७२५ ते १२५०! म्हणजे ७८० वरून त्या गावावर काहीच सिद्ध होत नाही, आणि पुढच्या वर्षी ११०० आले म्हणून सरपंचाचा सत्कार करायचंही कारण नाही. १०,००० जन्म घेतले की हीच पट्टी ९१५ ते ९९० एवढी अरुंद होते, आणि तिथे ८७० दिसले तर दखल घ्यायलाच हवी. लहान केंद्राने तीन ते पाच वर्षांचे जन्म एकत्र करावेत आणि शक्य असेल तिथे पहिलं अपत्य मुलगी असलेल्या घरांतले दुसरे जन्म वेगळे काढावेत.

आता फॉर्म एफ. 'एवढ्याशा कागदासाठी डॉक्टरला तुरुंग?' हा प्रश्न येणारच, आणि तो उडवून लावू नका. कारण समजावून सांगा. या गुन्ह्यात तक्रार करणारं कोणी नसतं. सांगणाऱ्याला पैसे मिळतात, ऐकणाऱ्याला हवी ती माहिती मिळते, बाई बोलण्याच्या स्थितीत नसते. खोलीत जे घडलं त्याचा मागमूस मशीनवर राहील याची खात्री नाही. उरतो तो कागद. म्हणून कलम ४(३)च्या परंतुकात नोंदीतली उणीव किंवा चूक हीच कलम ५ किंवा ६चा (लिंग सांगण्यावरच्या किंवा ठरवण्यावरच्या बंदीचा) भंग मानली जाते आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर येते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने कारकुनी चुकांना फौजदारी कक्षेतून वगळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती; ३ मे २०१९च्या निकालात ती फेटाळली गेली. किरकोळ चुकीवरून प्रामाणिक डॉक्टर अडकल्याची तक्रार पूर्णपणे खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यावर इंटर्नच्या हातातला उपाय एकच: फॉर्म नीट भरणं.

शिक्षा दोन वाक्यांत सांगून पुढे जा. पहिल्या गुन्ह्याला डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि पन्नास हजार. आरोप निश्चित झाले की वैद्यकीय परिषदेकडून नोंदणी निलंबित होऊ शकते, दोष सिद्ध झाल्यावर पाच वर्षांसाठी नाव नोंदवहीतून काढलं जातं आणि दुसऱ्यांदा कायमचं. लिंगनिदान करून मागणाऱ्या नवऱ्याला किंवा नातेवाइकाला पहिल्या वेळी तीन वर्षं आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, तडजोड न होणारा.

वर्गात खरा वेळ द्या तो फॉर्मला. नावं बदललेले, मुद्दाम चुका पेरलेले फॉर्म वाटा आणि लाल पेनने चुका काढायला सांगा. काय पेरायचं ते सांगते, कारण प्रत्यक्षात हेच चुकतं.

सोनोग्राफीचं कारण म्हणून 'एएनसी' (गर्भवतीची नेहमीची तपासणी) किंवा 'रूटीन' लिहिलेलं असतं. फॉर्ममध्ये कारणांची यादीच आहे, २३ कारणं: गर्भाचं वय ठरवणं, गर्भांची संख्या, रक्तस्राव, गर्भजलाचं प्रमाण, वारेची जागा, आधीच्या सिझेरियनचा व्रण वगैरे. त्यातलं लागू असलेलं नेमकं कारण निवडायचं आणि ते केस पेपरवरच्या कारणाशी जुळायला हवं. अपत्यांच्या रकान्यात 'जी३पी२' (तिसरं गरोदरपण, आधीची दोन बाळंतपणं) लिहून भागत नाही. मुलगे किती, मुली किती आणि त्यांची वयं लिहावी लागतात. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका रकाना हाच, आणि रिकामाही हाच सापडतो. एलएमपी (शेवटच्या पाळीची तारीख) माहीत नसेल तर गर्भाचे आठवडे लिहायचे, जागा मोकळी सोडायची नाही. पत्ता 'मु. पो.' एवढ्यावर थांबलेला, फोन नंबर नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी फॉर्मला जोडलेली नाही.

'सेल्फ रेफरल'चा अर्थ बाई स्वतःहून आली असा लावला जातो, आणि तो साफ चूक आहे. फॉर्मवरच छापलंय की रुग्णाने किंवा नातेवाइकाने येऊन तपासणी मागणं म्हणजे सेल्फ रेफरल नव्हे. तपासणी करणाऱ्या डॉक्टरनेच वैद्यकीय कारणाने ठरवलं असेल तर ते सेल्फ रेफरल, आणि तेव्हाही कारणासह टिपण आणि केस पेपर जोडून ठेवावे लागतात.

मग सह्या. बाईचं 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' हे घोषणापत्र तपासणीच्या आधी, तिला समजणाऱ्या भाषेत, वाचून दाखवून. गर्दीच्या दिवशी सगळ्या सह्या शेवटी एकदम घेतल्या जातात. तारीख-वेळ आणि रजिस्टरमधला क्रम जुळत नाही तो त्यामुळेच. अंगठा असेल तर ओळख पटवणाऱ्याचं नाव, वय, नातं, पत्ता, फोन आणि सही लागते. डॉक्टरचं घोषणापत्र ज्याने प्रोब धरला, म्हणजे सोनोग्राफी केली, त्याच्याच सहीचं. इंटर्नने वरचे रकाने भरायला हरकत नाही, पण 'सर गेलेत, तू कर सही' याला नकार द्यायचा, कितीही सीनियर सांगत असला तरी. नोंदी किमान दोन वर्षं जपायच्या आणि कोर्टात प्रकरण असेल तर ते निकाली निघेपर्यंत. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे (हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायला हवा. जिल्ह्यात हे काम सहसा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतं.

लेबर रूमची रात्र हा प्रसंग फार थोड्या सत्रांत येतो. बाळाचे ठोके मिळत नाहीत, रेसिडेंट ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, पोर्टेबल मशीन समोर आहे. इंटर्न 'फक्त ठोके बघायला' प्रोब ठेवतो. हेतू शंभर टक्के चांगला, आणि तरीही ही गर्भवतीची सोनोग्राफीच झाली. ती करायला ठरावीक पात्रता लागते, इंटर्नची नोंदणी तात्पुरती असते, आणि फॉर्म भरला नाही तर ती तपासणी नोंदीत अस्तित्वातच नाही. हातातला फीटल डॉपलर किंवा सीटीजी (ठोक्यांचा आलेख काढणारं यंत्र) वापरा, ते नसेल तर फीटोस्कोप (पोटावर ठेवून ठोके ऐकायची नळी), आणि रेसिडेंटला बोलवा. पोर्टेबल मशीन ज्या आवारासाठी नोंदलंय त्याच आवारात, दाखल रुग्णांसाठीच वापरता येतं (फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडून). शेजारच्या ट्रस्टच्या शिबिरात नेता येत नाही.

नातेवाइकांचे प्रश्न करून घ्यायचे असतात, नुसते सांगायचे नसतात. दोघांना उभं करा. एक जण सासू. 'डॉक्टर, बाळ चांगलं आहे ना?' 'हो, वाढ व्यवस्थित आहे.' 'मग काय आहे?' इथे इंटर्न हसतो, सरांकडे बघतो किंवा 'ते आम्हाला सांगता येत नाही' म्हणतो. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत वाईट वाटतं, कारण त्यातून 'माहीत आहे, पण सांगत नाही' असं ऐकू येतं आणि पुढचा प्रश्न पैशांचा असतो. त्याऐवजी: 'ते आम्ही बघत नाही. ठोके, वाढ, पाणी, वार बघितली, ते सगळं सांगतो.' आणि लगेच खरोखरच सांगायचं. कायद्यात शब्द, खुणा किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगायला बंदी आहे. त्यामुळे 'पेढ्यांची तयारी करा' ही थट्टासुद्धा बसत नाही. सांगताना 'बाळ' आणि 'ते' एवढंच वापरायचं, कारण सवयीने 'तो छान खेळतोय' म्हटलं की बाहेर मुलगाच झालेला असतो. आणि फोनवर मेव्हण्याने, शाळेच्या मित्राने विचारलं तरी हेच उत्तर. इंटर्नवर खरा दबाव ओपीडीत कमी आणि घरच्या फोनवर जास्त असतो.

रक्ताच्या चाचण्यांबद्दल थोडं. आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएवरून दहाव्या आठवड्याच्या आसपास वाय गुणसूत्र आहे की नाही हे कळू शकतं. कायदा फक्त सोनोग्राफीचा आहे असं समजणारे इंटर्न पुष्कळ. या चाचण्या, गर्भजल तपासणी, प्रयोगशाळेतलं भ्रूण निवडणं हे सगळं कक्षेत येतं, आणि नमुना घेणारी व तपासणारी जागा नोंदणीकृत लागते.

आता ज्यात चांगल्या मनाचे इंटर्नही चुकतात तो भाग: गर्भपात. 'मुलगी वाचवा'च्या घोषणा ऐकून वाढलेल्या मुलांच्या डोक्यात गर्भपात म्हणजेच गुन्हा असं बसतं. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द त्याला हातभार लावतो. सत्रात 'गर्भलिंगनिवड' म्हणा. एमटीपी म्हणजे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१चा. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ आठवडे ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं, त्यापुढे गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळ. संमती सज्ञान बाईची एकटीची पुरते. नवऱ्याची सही मागणं ही आपली सवय आहे, कायदा नव्हे. गर्भनिरोधक निकामी ठरणं हे वैध कारण आहे.

वर्गाला हे उदाहरण द्या: दोन मुली असलेली बाई सात आठवड्यांवर गर्भपात मागते. बरेच इंटर्न 'संशयास्पद' म्हणतील. सात आठवड्यांना सोनोग्राफीवर लिंग दिसतच नाही. बाह्य जननेंद्रियांवरून जरा भरवशाचा अंदाज बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतरच येतो. तिला दोन मुलं पुरेशी आहेत, एवढंच. तिला परत पाठवलं की ती दुकानातून गोळ्या घेते किंवा परवाना नसलेल्या माणसाकडे जाते. मार्च २०१७मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एका बाईचा गर्भपातात मृत्यू झाला आणि मग ओढ्याकाठी पुरलेली १९ अर्भकं सापडली. सुरक्षित दार बंद केलं की असल्या जागांचा धंदा वाढतो.

याच्या उलट, खरोखर थांबून विचारावं अशी हिस्टरी वेगळी दिसते. आधीच्या मुली, मग १४ ते १८ आठवड्यांदरम्यान एकापेक्षा जास्त 'आपोआप' गर्भपात, तेराव्या आठवड्यानंतर बाहेर केलेल्या सोनोग्राफीचा कागदच नाही, आणि प्रत्येक प्रश्नाला बाईऐवजी कोणीतरी दुसरंच उत्तर देतंय. तरीही हा पुरावा नव्हे. रक्तस्राव घेऊन आली असेल तर आधी नाडी, बीपी, सलाइन, रक्तगट, चौकशी नंतर. मग कोणतंही निमित्त काढून तिला एकटीला भेटा आणि साधं विचारा: घरी काही त्रास आहे का, कोणी कुठे नेलं होतं का. तिला हे माहीत असणं महत्त्वाचं की बळजबरी झालेल्या बाईला या कायद्यात शिक्षा नाही, आणि उलट सिद्ध होईपर्यंत नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच भाग पाडलं असं कलम २४नुसार न्यायालय गृहीत धरतं.

तक्रारीबद्दल इंटर्नना दोन टोकं सुचतात: गप्प बसणं किंवा मोबाइल घेऊन स्वतःच स्टिंग करायला जाणं. दोन्ही नकोत. ऐकलेलं तारीख, वेळ आणि शब्दांसह त्याच दिवशी लिहून ठेवावं, युनिटप्रमुखांना सांगावं, आणि तिथेच अडचण असेल तर थेट समुचित प्राधिकाऱ्याकडे किंवा राज्याच्या 'आमची मुलगी' संकेतस्थळावर द्यावं. झडती, जप्ती, बनावट रुग्ण पाठवणं हे प्राधिकाऱ्याचं काम. न्यायालय त्याच्या तक्रारीवर दखल घेतं. सामान्य माणसाने किंवा संस्थेने त्याला किमान १५ दिवसांची नोटीस दिली असेल तर त्यांच्या तक्रारीवरही. हौशी स्टिंगने समोरचा सावध होतो आणि रजिस्टर रातोरात दुरुस्त होतं.

राहिली तुमची प्रश्नावली. 'तुम्ही लिंगनिदान कराल का?' असं विचारलं तर खरं उत्तर कोण देईल? नाव न घेता, प्रसंग देऊन विचारा: 'तुमच्या बॅचमेटला त्याच्या वहिनीची सोनोग्राफी बघून सांगायला सांगितलं. तो काय करेल असं वाटतं?' तिसऱ्या माणसाबद्दल लिहिताना लोक स्वतःचंच मत लिहून जातात. सत्रानंतर लगेच घेतलेल्या चाचणीतले वाढलेले गुण अहवालात शोभतात, बाकी उपयोग कमी. त्यापेक्षा सत्राआधीचे आणि तीन महिन्यांनंतरचे, इंटर्ननी भरलेले प्रत्येकी पन्नास फॉर्म एफ रेडिओलॉजीच्या परवानगीने, नावं झाकून तपासा. अपत्यांचा रकाना, सोनोग्राफीचं कारण, जोडलेली चिठ्ठी आणि सहीची वेळ एवढ्या चारच गोष्टी मोजा. एक तक्ता पुरेल, आणि विभागाच्या बैठकीत तोच तक्ता ठेवलात तर पुढच्या बॅचसाठी दोनचे तीन तास मागायला बरं पडेल.